दोन नंबरची बाटली

आठ महिने आमच्या माशांच्या टँकचा नायट्रेट, म्हणजे माशांच्या खाण्यातून आणि घाणीतून पाण्यात शेवटी साठत जातो तो क्षार, शून्य होता. निदान वहीत तरी होता. दर रविवारी रात्री तारीख, तापमान, सॅलिनिटी म्हणजे खारेपणा, आणि शेवटच्या रकान्यात एक गोल गरगरीत शून्य. एकाखाली एक अशी ती शून्यं इतकी छान रांगेत बसली होती की वही चाळताना मला स्वतःचंच कौतुक वाटायचं. खाऱ्या पाण्याचा टँक सांभाळणं फार अवघड असतं असं जो तो सांगत होता, आणि आपल्याला तर बाई पहिल्याच फटक्यात जमलं.

टँक तसा मध्यम. खालचा सम्प, म्हणजे टँकखालची जोडटाकी, धरून आणि दगडांनी अडवलेली जागा वजा करून प्रत्यक्ष पाणी साधारण २०० लिटर. त्यात दोन क्लाउनफिश, एक रॉयल ग्रामा, म्हणजे पुढून जांभळा मागून पिवळा, जणू दोन वेगळे मासे मधोमध शिवलेत, एक क्लीनर श्रिंप, दहाबारा गोगलगायी आणि सात-आठ कोरल, म्हणजे प्रवाळ. त्यातलं टॉर्च कोरल माझं लाडकं. त्याच्या लांब बोटांच्या टोकांना पिवळट ठिपके आहेत आणि पंपाच्या झोतात ती सगळी बोटं एकदम एका बाजूला झुकतात तेव्हा मी हातातलं काम टाकून बघत बसते.

टेस्ट मी अशी करायचे: काचेच्या नळीत ५ मिली टँकचं पाणी, एक नंबरच्या बाटलीतले १० थेंब, नळी वरखाली, मग दोन नंबरच्या बाटलीतले १० थेंब, परत थोडं हलवायचं, ५ मिनिटं मोबाइल बघायचा आणि मग नळी रंगाच्या कार्डाला लावायची. कार्डावर सगळ्यात वर फिकट लिंबू कलर, तो शून्याचा. मग पिवळा गडद होत होत केशरी, शेंदरी आणि शेवटी लालभडक. आमची नळी कायम लिंबू कलर. कधी एखाद्या आठवड्यात किंचित पिवळसर जास्त वाटायची पण मी म्हणायचे छे, ट्यूबलाइटमुळे वाटतंय.

आता मागे वळून बघितलं तर टँक बिचारा बोंब मारून सांगत होता. काच एक दिवसाआड हिरवी व्हायची, मॅग्नेटने घासली की दोन दिवसांनी परत. पंपाच्या जाळीवर केसांसारखं शेवाळ, दगडावर शेवाळ, एका गोगलगायीच्या पाठीवर तर असं शेवाळ उगवलं होतं की ती चालती तेव्हा झुडूप चालल्यासारखं दिसायचं. झोअँथिड, म्हणजे बटणांसारखे छोटे कोरल, आणले तेव्हा मस्त हिरवे-नारिंगी होते, ते हळूहळू चहाच्या रंगाचे झाले. मी लाइटचे तास कमी केले. पंपाचं तोंड फिरवलं. कोणीतरी सांगितलं की अगं शेवाळच सगळं नायट्रेट खाऊन टाकतं म्हणून टेस्टमध्ये काही दिसत नाही, आणि ते मी आनंदाने मानलं, कारण त्या थिअरीत माझी शून्यंही शाबूत राहत होती आणि शेवाळही. खरं तर असं होतंही, शेवाळ नायट्रेट ओढून घेतंच, सम्पमध्ये मुद्दाम कीटोमॉर्फा नावाचं शेवाळ वाढवतात ते त्यासाठीच. फक्त आमच्याकडे ते झालेलं नव्हतं.

झालं असं की एका रविवारी मनू, माझी लेक, वय वर्षं नऊ, ओट्यापाशी लुडबुड करत होती. एक नंबरचे थेंब टाकले आणि तेवढ्यात फोन वाजला. मी बोलत होते ती सगळी पाच-सात मिनिटं मनूबाई दोन नंबरची बाटली खुळखुळ्यासारखी वाजवत घरभर फिरत होत्या. फोन ठेवून मी बाटली हातातून घेतली, १० थेंब टाकले, आणि एवढ्या वेळात तिला नळीसुद्धा हलवायची हौस आली म्हणून तिने तीही दणादण हलवली. पाच मिनिटं. मी वहीत तारीख लिहून शून्यही काढायला घेतलं होतं, खरंच सांगते, नळी न बघता.

"आई, आज लाल झालं."

लाल म्हणजे लाल. कार्डावरच्या ४० आणि ८० च्या चौकोनांत मला तसाही फरक कळत नाही, पण त्या दोघांपैकी काहीतरी होतं. माझी पहिली प्रतिक्रिया अशी की मनूने बाटलीत काहीतरी घातलं. तिला रागावलेही. दुसरी अशी की किट खराब झालं. मग परत टेस्ट केली, माझ्या नेहमीच्या पद्धतीने, तर पिवळा आणि केशरीच्या अधेमधे. तिसऱ्यांदा मनूच्या पद्धतीने, लालभडक. एकच पाणी, एकच बाटल्या, एकच रात्र. मग किटच्या डब्याच्या तळाशी दुमडून दुमडून चिकटलेलं ते पातळ लीफलेट सोडवलं, आणि त्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं की दोन नंबरची बाटली वापरण्यापूर्वी निदान ३० सेकंद जोरजोरात हलवा आणि थेंब टाकल्यावर नळी पूर्ण एक मिनिट. मी पहिल्या आठवड्यात हे वाचलंही असणार. "हलवा" एवढं लक्षात राहिलं, "जोरजोरात" विसरले.

एवढ्या हलवण्याचं कारण मग रात्री शोधून वाचलं आणि ते वाचून बरं वाटलं, म्हणजे चूक मूर्खपणाची होती हे कळलं पण मागे काहीतरी विज्ञान होतं. नायट्रेट थेट रंगात दिसतच नाही. त्याला आधी एक पायरी मागे ढकलून नायट्राइट करावं लागतं, आणि हे काम अशा बऱ्याच किटमध्ये जस्ताची बारीक पूड करते. मग ते नायट्राइट दुसऱ्या दोन रसायनांना जोडून रंग तयार करतं. रंगाच्या भागाचं श्रेय पीटर ग्रीस नावाच्या जर्मन केमिस्टचं, त्याने १८५८ मध्ये डायझो संयुगं शोधली आणि १८७९ मध्ये नायट्राइटची ही टेस्ट दिली, आणि हा माणूस नोकरीला होता इंग्लंडमधल्या एका ब्रुअरीत. म्हणजे माझ्या ओट्यावरची केमिस्ट्री सव्वाशे वर्षांहून जुनी. आता पूड ती पूड, ती बाटलीच्या तळाशी जाऊन बसते, घट्ट. वरवर हलवलेल्या बाटलीतून जे थेंब पडतात त्यात पूड नसतेच, पूड नाही म्हणजे नायट्राइट नाही, नायट्राइट नाही म्हणजे रंग नाही, आणि रंग नाही म्हणजे वहीत शून्य. आठ महिने मी नायट्रेट मोजतच नव्हते. माझं शून्य सरळसरळ दोन नंबरचं होतं.

याच हिशोबाने आणखी एक जुनं कोडं सुटलं. टँक नवीन असताना, सायकल, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीव टँकमध्ये बसायचा काळ, चालू होती तेव्हा, एकदा नायट्रेट एकदम चढलेला दिसला होता आणि मग गायब. टेस्ट शेवटी नायट्राइटच मोजते, त्यामुळे पाण्यात आधीपासून नायट्राइट असेल तर तेही नायट्रेटच्या खात्यात जमा होतं, आणि सायकलच्या त्या मधल्या काळात नायट्राइट भरपूर असतं. म्हणजे त्या काळातलं नायट्रेटचं रीडिंग तसंही कामाचं नाही. मी ते रीडिंग बघून दोन रात्री झोपले नव्हते. आणि जे रीडिंग बघून झोपायला नको होतं ते बघून आठ महिने गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात नीट टेस्ट केली. लालच्या वर कार्डावर काही नाही, म्हणून १ मिली टँकचं पाणी आणि ४ मिली आरओचं पाणी असं पातळ केलं. तेव्हा रंग १० आणि २० च्या मधे आला, १५-१६ धरा. गुणिले पाच. ऐंशी.

आरओच्या पाण्यावर संशय घेऊन झाला, ते स्वच्छ निघालं. मिठावर संशय घेतला, नवीन कालवलेलं पाणी तपासलं, तेही स्वच्छ. मग कागद-पेन घेऊन बसले. हे आधीच करायला हवं होतं, कारण हिशोब पाचवीच्या मुलाला जमेल असा आहे. प्रोटीनमध्ये वजनाच्या साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे १ ग्रॅम प्रोटीन टँकमध्ये गेलं की ०.१६ ग्रॅम नायट्रोजन आत गेला, आणि तो सगळा नायट्रेट झाला तर त्याचं वजन होतं ०.७ ग्रॅम, कारण नायट्रेटमध्ये ऑक्सिजनचंच वजन जास्त. २०० लिटरमध्ये ०.७ ग्रॅम म्हणजे साडेतीन पीपीएम, लिटरमागे साडेतीन मिलिग्रॅम. एका ग्रॅममधून! आणि मी दिवसातून दोनदा पेलेट, संध्याकाळी फ्रोझन मायसिसचा, म्हणजे गोठवलेल्या कोळंबीसारख्या बारीक जिवांचा, तुकडा, तोही वितळलेल्या पाण्यासकट, कारण मासे काचेपाशी येऊन असं तोंड करतात की हात थांबत नाही. सगळंच नायट्रेट होत नाही हे खरं, काही माशांच्या अंगाला लागतं, काही स्किमर, म्हणजे फेस करून घाण उचलणारं यंत्र, बाहेर काढतो, काही लाइव्ह रॉकच्या आत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथले बॅक्टेरिया त्याचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. तरी उरतंच.

जाता जाता एक सांगते कारण मला ते फार आवडलं. अमोनियाचं नायट्राइट करणारे म्हणजे बॅक्टेरिया असं आपण सगळे पाठ करतो. २००५ मध्ये हेच काम करणारा एक वेगळ्याच कुळातला जीव, बॅक्टेरिया नव्हे तर आर्किया, पहिल्यांदा वेगळा काढून वाढवण्यात आला, निट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस असं त्याचं नाव, आणि समुद्रात या मंडळींची संख्या प्रचंड आहे असं कळलं. तो सापडला कुठे, तर सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयातल्या एका उष्ण कटिबंधीय खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये. समुद्र पालथा घालून नाही, टँकमधल्या खडीत! तेव्हापासून मी सायफन करताना वाळूकडे जरा आदराने बघते.

असो, हिशोब. मला रीडिंगवरून दिसलं की वॉटर चेंज न करता आठवड्यात नायट्रेट अंदाजे ८ ने चढतो. मी दर आठवड्याला बदलत होते १० टक्के पाणी. आता १० टक्के पाणी बदललं की १० टक्केच नायट्रेट जातो, बाकी ९० टक्के तिथेच. सुरुवातीला नायट्रेट कमी असतो म्हणून १० टक्क्यांत जातोही कमी, आणि वर ८ येत राहतात, मग तो चढत चढत अशा ठिकाणी थांबतो जिथे त्याचे १० टक्के म्हणजेच ८. तो आकडा ८०. मी वहीकडे बघितलं. आठ महिन्यांत तो तिथे जवळजवळ पोचलेला असणार, आणि तसाच तो पोचलेला होता. रासायनिक टेस्टशिवाय, नुसत्या त्रैराशिकाने मला हे पहिल्या महिन्यात कळलं असतं.

मग सुरू झाली धावपळ. दर आठवड्याला ३० टक्के. ६० लिटर पाणी म्हणजे साधारण सव्वादोन किलो मीठ, रात्रभर पंप लावून कालवायचं, सकाळी रिफ्रॅक्टोमीटरने खारेपणा ३५ आहे ना बघायचं, तापमान २५ वर आणायचं, बादल्या, पाइप, टॉवेल, आणि घरातल्या माणसाचं "अगं पाय घसरेल कोणाचा तरी". कागदावर ८०, ५६, ३९, २७ असं सुंदर उतरतं. पण दर आठवड्याचे ८ वर येतातच, त्यामुळे महिन्याभराने मी ३२ च्या आसपास होते आणि तोच त्रैराशिक सांगत होता की जन्मभर ३० टक्के बदललं तरी दर वेळी बदलण्याआधी २६-२७ असणारच. मासे एवढ्यात मजेत राहतात हो, नायट्रेट काही अमोनियासारखं जहाल विष नाही, नुसते मासे ठेवणारे लोक ४० लाही फारसे दचकत नाहीत. कोरलवाले मात्र बहुतेक २ ते १० च्या गप्पा करतात. आणि मला तर तेही नको होतं. मला माझी शून्यं परत हवी होती, या वेळी खरी.

म्हणून व्होडका. हसू नका, हे खरंच करतात. बॅक्टेरियांना कार्बनचं खाद्य दिलं की ते भराभर वाढतात, वाढताना स्वतःच्या अंगासाठी पाण्यातला नायट्रेट आणि फॉस्फेट ओढून घेतात आणि मग स्किमर त्यांना फेसाबरोबर बाहेर काढतो. साधं व्हिनेगरही चालतं. आमच्या आकाराच्या टँकला सुरुवातीला दिवसाला ०.२ मिली, सिरिंजने मोजून, आणि मग आठवड्या-आठवड्याने अगदी थोडं वाढवायचं. सिरिंज, व्होडकाची बाटली आणि वही असं सगळं टँकशेजारच्या फळीवर मांडलेलं, घरी येणाऱ्याला काय समजावणार, माशांसाठी आहे म्हटलं की समोरचा मान हलवतो आणि विषय बदलतो. खाणंही निम्मं केलं, मायसिस गाळणीत धुऊन द्यायला लागले. आणि डोस वाढवताना, कबूल करते, धीर धरला नाही. आठवड्याचं वाढवणं तीन दिवसांनी केलं. एका सकाळी पाणी दुधट झालं आणि मासे वर येऊन धापा टाकत होते, बॅक्टेरिया एवढे वाढले की ऑक्सिजन तेच खात होते. दिवसभर एअर पंप लावून बसले. तरी डोस बंद केला नाही, फक्त कमी केला.

सात आठवड्यांनी शून्य आला. बाटली मिनिटभर हलवून, नळी मिनिटभर हलवून, दोनदा. वहीत लिहिताना पेन जरा दाबूनच लिहिलं.

आणि टँक बिघडायला लागला.

आधी टॉर्च. त्याची बोटं आखडली, दिवसभर मूठ मिटल्यासारखं बसायचं. झोअँथिड चहाच्या रंगाचे होते ते आता दुधाच्या रंगाचे. कोरलच्या आत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालालाही नायट्रेट लागतो ना, जास्त मिळाला तर ते बेसुमार वाढतं आणि कोरल तपकिरी दिसतं, अजिबात नाही मिळाला तर ते उपाशी मरतं आणि कोरल फिकं पडतं. फॉस्फेटची टेस्ट केली, तोही शून्य. मग वाळूवर एक तपकिरी शेंबडासारखा थर, त्यात अडकलेले बुडबुडे, वर येणाऱ्या तारा. रात्री लाइट गेला की निम्मा नाहीसा, दुसऱ्या दिवशी दुपारी परत हजर. मनूच्या खेळण्यातल्या मायक्रोस्कोपखाली त्याचा एक थेंब ठेवला तर थेंबाच्या आकाराचे दाणे, एका टोकाला दोरीने बांधल्यासारखे, जागच्या जागी गोल गोल झुलत होते. मनूला ते इतकं आवडलं की तिने त्यांची चित्रं काढली. ते डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे एका पेशीचे सूक्ष्म जीव, होते. आठवड्यात पाच गोगलगायी मेल्या, त्या पाठीवर झुडूपवालीसुद्धा.

मी स्वतःशी वाद घालत होते की समुद्रात प्रवाळाभोवती तरी कुठे नायट्रेट असतो. नसतोच जवळजवळ, वरच्या थरात तो पीपीएमच्या बारीकशा अंशात असतो, खोल समुद्रात गेलं तर अडीचच्या आसपास. पण तिथे चोवीस तास समुद्र वाहत असतो, पाणी नुसतं पाणी नसतं, त्यात सतत काहीतरी खाण्याजोगं तरंगत येत असतं. आकडा लहान, पण ताट कधी रिकामं नाही. माझ्या काचेच्या पेटीत मी आकडा समुद्राचा आणला आणि वाहणं आणायचं राहिलं. रेडफिल्ड नावाच्या शास्त्रज्ञाने १९३४ मध्ये दाखवलं होतं की समुद्री प्लँक्टनमध्ये आणि समुद्राच्या पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस ठरावीक प्रमाणात भेटतात, १६ ला १ असं ते आज सांगितलं जातं. टँकवाले लोक त्या १६ ला १ चा जप करतात. मला ते प्रमाण टँकमध्ये पाळता येत नाही आणि पाळावं असंही वाटत नाही, पण एक कळलं की दोन्हीकडे शून्य ठेवून कसलं डोंबलाचं प्रमाण.

मग मी काय केलं असेल? सोडियम नायट्रेट विकत आणलं. जे काढायला चार महिने कंबर मोडली तेच शुद्ध स्वरूपात, पांढऱ्या पुडीत. एक ग्रॅम टाकलं की आमच्या पाण्यात साडेतीन-पावणेचार पीपीएम चढतो. व्होडका बंद. अर्धा अर्धा ग्रॅम करत रोज सकाळी, आणि माशांचं खाणंही परत जरा वाढवलं. डायनो जायला अडीच महिने लागले आणि ते नक्की कशाने गेले हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, त्या काळात मी पाच-सहा गोष्टी एकदम करत होते. टॉर्च मात्र आधी उघडलं. एका दुपारी बघते तर सगळी बोटं बाहेर.

आता टेस्टविषयी, म्हणजे रंग बघण्याविषयी, कारण खरा घोळ तिथे आहे असं माझं मत झालंय.

बाटली हलवण्याची चूक एकदा कळली की संपली. पण रंगाचं तसं नाही. नळी कार्डाला लावली आणि रंग दोन चौकोनांच्या मधे आला की मी काय करते हे मनूने पकडलं. तिला मी नळी धरायला दिली होती आणि मी आरामात वाकून बघत होते. पहिल्यांदा नळी २० च्या शेजारी, छान जुळत होती. मग मी नळी जरा पुढे घेतली, कार्डापासून दूर, तिरकी, खिडकीच्या बाजूला. उजेड आरपार गेला आणि रंग फिका झाला. "दहा," मी म्हटलं.

"आई, तू हलवून हलवून दहा केलंस."

खरंच होतं. आणि त्याच्या उलटही करून झालं होतं, डायनोच्या काळात मला नायट्रेट हवा होता तेव्हा नळीमागे हात धरून मी शून्याचा ५ केला होता. मी रंग बघत नव्हते, रंग निवडत होते, दुकानात साडी निवडावी तसा. ४० आणि ८० कळत नाहीत तेव्हा नेहमी ४० च लिहिलं जातं, कोणाच्याही वहीत. शिवाय टँकच्या निळ्या लाइटशेजारी उभं राहून बघितलं की केशरी कसाही दिसतो, पिवळ्या बल्बखाली सगळंच केशरी.

म्हणून आता नियम आहे. टेस्ट दिवसा, खिडकीपाशी, ऊन नको नुसता उजेड. नळी आधी टँकच्याच पाण्याने दोनदा धुवायची, मागच्या वेळचा डाग राहतो. ५ मिनिटं म्हणजे ५ मिनिटं, विसरून वीस झाली तर ती टेस्ट फेकून द्यायची, सिंकमध्ये, टँकमध्ये चुकूनही नाही. नळी कार्डाला टेकवूनच धरायची. आणि रंग मनू आधी सांगते. तिला मागचा आकडा माहीत नसतो, या आठवड्यात वॉटर चेंज झाला की नाही याच्याशी तिला देणंघेणं नसतं. ती आकडाही सांगत नाही, रंगच सांगते. तिच्याकडे शब्द माझ्यापेक्षा जास्त आहेत: लिंबू, हळदी, झेंडूतला पिवळा, झेंडूतला केशरी, शेंदरी, जास्वंदी. मी म्हणते केशरी, ती म्हणते "केशरी नाही गं, झेंडूतला केशरी". आम्ही ते चौकोनांशी लावून घेतलेत. झेंडूतला पिवळा म्हणजे ५, झेंडूतला केशरी म्हणजे १० च्या वर आणि २० च्या खाली. वहीत मी आता १५ असं लिहीत नाही, "१० ते २०" लिहिते, कारण १५ लिहिलं की ते १५ आहे असं मलाच खरं वाटायला लागतं.

मधे डिजिटल मीटरही आणला, डोळ्यांचा प्रश्न मिटेल म्हणून. तोही रंगच बघतो, फक्त डोळा मशीनचा. काचेच्या कुपीवर बोटाचा ठसा राहिला, आत एक बुडबुडा चिकटला, पूड नीट विरघळली नाही, की मशीन ठामपणे भलताच आकडा दाखवतं, तोही दशांशासकट. ओळीने तीन टेस्ट केल्या तर ७.८, ११.२ आणि ९.१. तीनपैकी मला कोणता आवडला हे सांगायला नकोच. मीटर आहे अजून, महिन्यातून एकदा काढते. आणि हो, दुसऱ्या कोणाशी आकडे जुळवत असाल तर त्यांचं किट नायट्रेट मोजतं की नायट्रेटमधला नुसता नायट्रोजन, हे आधी विचारा. दोन्हींमध्ये ४.४३ पटीचा फरक आहे. माझ्या एका ओळखीच्या काकांचा ५ ऐकून मी वर्षभर जळत होते, तो निघाला नायट्रोजनवाला ५. म्हणजे आमच्या भाषेत बावीस.

जुनी वही मी टाकली नाही. त्या आठ महिन्यांच्या शून्यांवर रेघ मारावी असं वाटलं होतं पण मारली नाही, समासात पेन्सिलने फक्त उभा कंस काढला आणि "बाटली हलवली नव्हती" असं लिहिलं. त्याच पानांवर शेजारच्या रकान्यात मी सहज टाकलेल्या नोंदी आहेत, काच दोनदा पुसली, पंपावर शेवाळ, झोअँथिड तपकिरी वाटतायत. सगळं आपल्याच अक्षरात होतं.

गेल्या रविवारी मनूने बाटली हलवली, तीस मोजून, ती आता मोजताना सत्तावीसला थांबून माझ्याकडे बघते आणि मग उरलेले तीन अगदी हळू म्हणते. पाच मिनिटांनी खिडकीपाशी गेलो. मला वाटलं झेंडूतला पिवळा. तिने बराच वेळ नळी कार्डाला टेकवून बघितली.

"झेंडूतला केशरी आहे," ती म्हणाली, "पण तू पिवळा म्हणणार."

१० ते २० लिहिलं. मग बादली काढली.